कौसल्या गिरणीवालीला सिनेमा कसा वाटला

तुमच्या आईला आजवर पाहिलेल्या सिनेमांपैकी कोणता आवडला होता, हे तुम्हाला सांगता येईल का? तिला कोणती भाजी सोसत नाही, तिचा उपास कोणत्या वारी असतो, तिच्या गुडघ्याला कोणतं तेल चालतं, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. मी सिनेमाबद्दल विचारते आहे. आमच्या घरात मतांचा तोटा कधीच नव्हता. वीजदरापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत आणि हुंड्यापासून बुवाबाजीपर्यंत आमचं मत नाही असा विषय परतूर गावात नसेल. तरीही कॉलेजात जाईपर्यंत मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका खाजगी शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गावाला शिकवायचे. गावाला शिकवायचं त्यांचं साधन म्हणजे पत्रक. गुलाबी किंवा पिवळ्या स्वस्त कागदावर, पाठपोट, ठासून भरलेल्या मजकुराचं. मी बाराखडी पुस्तकातून कमी आणि पत्रकांतून जास्त शिकले. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होते असं आई सांगते. फोन घरोघर आले तरी अण्णांनी कागद सोडला नाही. म्हणायचे, "फोनवरचं लोक अंगठ्यानं पुढं ढकलतेत. कागद घरात राहतो. निदान बरणीखाली तरी राहतो." घर मात्र पत्रकांवर चालत नव्हतं. ते चालायचं मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या गल्लीत, आमच्याच ओसरीला लागून असलेल्या आईच्या पिठाच्या गिरणीवर. सकाळी पट्टा फिरायला लागला की भिंतीवरची भांडी हळूच किणकिणायची आणि आम्ही सगळे आपोआप मोठ्यानं बोलायला लागायचो. आजही मी सभेत माईक नाकारते आणि लोक कौतुक करतात. ते कौतुक खरं तर त्या पट्ट्याचं आहे.

पत्रकं छापून आली की घड्या घालायचं काम आईकडे. दळण टाकून झालं की ती ओट्यावर बसून, पिठाच्या हातांनीच, भराभर घड्या घालायची. त्यामुळे आमच्या प्रत्येक पत्रकाच्या दुमडीवर पिठाचा पांढरा अंगठा असायचा. लोक मजकूर न वाचता ओळखायचे की हे मास्तरांचं. अण्णांचा एक नियम होता, आणि तो आमच्या घरात देवासारखा होता, कारण दुसरा देव नव्हता. पत्रकाखाली नाव हवं. नाव, काम आणि गल्ली. "निनावी पत्रक म्हंजे अंधारातून मारलेला दगड," असं ते म्हणायचे. पत्रकाखाली हमाल, शिक्षक, शेतकरी, शिंपी अशा सह्यांच्या ओळी असायच्या. आईचं नाव त्यांत कधी नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं होतं असंही नाही. सह्या घ्यायच्या वेळी ती दळत असायची, इतकंच.

अशा घरात तो सिनेमा आला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो काही फार थोर सिनेमा नव्हता. फोनवरच्या गाण्यांमुळे पोरापोरींच्या तोंडी बसलेला एक गायक त्यात पहिल्यांदाच हिरो झाला होता. हिरो लग्नाच्या स्वयंपाकात आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो, हिरोईन घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचते, दोघांची गाठ पडते, आणि दर दहा मिनिटांनी तो काही ना काही कापता-मळता गाणं म्हणतो. गोष्ट एवढीच. गावातली टॉकीज होती सुगनशेठची. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, मोंढ्यात आडत घातली, आणि आजोबांना हौस म्हणून टॉकीज बांधली. सुगनशेठना हौस नव्हती, पण आजोबांचा फोटो ऑफिसात होता. खुर्च्या रिकाम्या बघून त्यांनी एक युक्ती काढली. मंगळवारचा दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी ठेवला. दारावर त्यांची बहीण बसवली, आणि आत एकही पुरुष नाही.

पहिल्या मंगळवारी गिरणीचा पट्टा तुटला होता म्हणून आई म्हणाली, "चल, बघून येऊ." मी कॉलेजात होते आणि सिनेमा म्हणजे गुंगीचं औषध असा माझा पक्का विचार होता. तरी गेले, शत्रूचा तळ पाहायला जावं तशी. हाताची घडी घालून बसले आणि चुका मोजत राहिले. मीटर वाचणारीच्या पायात उंच टाचा कशाला, लग्नघरात भांडी घासणाऱ्या बायका गाण्यात दिसतात आणि गोष्टीत नाहीत त्या का, असं मनात टिपत होते. ते मुद्दे आजही मला बरोबर वाटतात. फक्त त्या पूर्ण वेळात मी शेजारी बसलेल्या आईकडे एकदाही पाहिलं नाही, त्यामुळे ती हसली की कंटाळली हे मला सांगता येणार नाही.

बायका मात्र आल्या. दुसऱ्या मंगळवारी पहिल्यापेक्षा जास्त आल्या, घनसावंगीकडून जीपनं आलेल्या सुद्धा होत्या. त्यानंतर दोन-चार दिवसांत गावात पत्रक फिरलं. ते आमचं नव्हतं. पांढरं, नीट टाईप केलेलं, दारांच्या कड्यांत खोचलेलं. त्यात लिहिलं होतं की माता-भगिनींना बिघडवण्याचा धंदा सुरू आहे, आणि येत्या मंगळवारी आमचे कार्यकर्ते टॉकीजसमोर उभे राहतील आणि कोणाच्या घरातल्या बायका येतात ते ज्याच्या त्याच्या घरी कळवतील. खाली सही होती, 'एक जागरूक नागरिक'.

त्याच संध्याकाळी सुगनशेठ आमच्या ओसरीवर आले. त्यांनी दळण आणलं नव्हतं, तेव्हाच आईनं ओळखलं की काम वेगळं आहे. "मास्तर, भाभीजी, मेरेको काय करायचंय," ते म्हणाले, "धंदा आहे. पण लफडं नको. ह्या मंगळवारी बायका आल्या तर खेळ चालू ठेवतो. न्हाई आल्या तर बंद. मंग मला कोणी बोलायचं न्हाई." अण्णा तापले. सिनेमा टाकाऊ आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती, त्यांनी तो पाहिलाही नव्हता. पण नाव लपवून धमकी देणारा माणूस त्यांना टाकाऊ सिनेमाहून वाईट वाटायचा. लगेच कागद ओढून त्यांनी सुरुवात केली, 'स्त्रियांच्या मुक्त संचाराच्या हक्काचा...' मी म्हटलं, "अण्णा, सिनेमा पाहिला बायकांनी, आणि बोलणार तुम्ही? त्यांचीच मतं छापू." ते थांबले. म्हणाले, "बराबर. पण नावासगट. नाव, काम, गल्ली. त्या निनावी भ्याडाला तेच उत्तर." मला ते इतकं पटलं की मी त्या रात्री धपाटे उभ्यानेच खाल्ले.

मतं गोळा करायला मला गावभर फिरावं लागलं नाही. गिरणीवाल्यांच्या घरात वाढलेल्यालाच कळेल अशी एक गोष्ट सांगते. दळण अर्धं झालेलं असताना लाइट गेली, की बाई जागची हलत नाही. अर्धं धान्य वरच्या टोपात, अर्धं पीठ खालच्या डब्यात. सोडून जावं तर दुसरीचं दळण त्यात मिसळतं. मागे रांगेतल्या बायकाही नंबर जाईल म्हणून बसून राहतात. पट्टा थांबलेला असतो, आणि एरवी ओरडून बोलणाऱ्या बायकांना अचानक हळू बोलता येतं. त्या दिवसांत दुपारी लाइट जायची ती तास-दोन तास. मी वही-पेन घेऊन ओट्यावर बसले आणि विचारलं, "पिक्चर कसा वाटला?"

आधी सगळ्या हसल्या. मग धरण फुटलं. आमच्या गल्लीतली मंदाकाकू म्हणाली, "मला तर झोपच लागली बघ. आत थंडगार, अंधार, तीन तास कोणी उठवलं न्हाई. लई चांगला पिक्चर व्हता." दुसरी म्हणाली, "हिरो निस्ता काडी. एवढ्या भगुण्यातली खिचडी त्याच्यानं हलंल का?" तिसरीला हिरोईनच खटकली होती. "मीटर बघाया घरोघर एकटी जाती अन् कोणी तिला काई बोलत न्हाई! असं गाव कुठंय ते सांगा, आपण तिथं राह्यला जाऊ." एक म्हातारी म्हणाली की गाणी फार झाली, डोकं उठलं. तिच्याच सुनेनं डोळे पुसत सांगितलं, "शेवटी तो तिच्या मायचं लुगडं धुऊन वाळू घालतो ना, तवा मला रडूच आलं. कामून आलं ते ठावं न्हाई." "तुला कांद्यानं बी रडू येतं," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. कुणाला नाच घाणेरडा वाटला होता, कुणाला तोच नाच अंगणात करून पाहावासा वाटला होता, आणि एकीनं खरोखर करून पाहिला होता, दार लावून.

मी भरभरून लिहून घेत होते. अशी मतं मी कोणत्याच पेपरात वाचली नव्हती. मग मी वहीवरून मान वर केली आणि म्हटलं, "आता नावं सांगा. छापायचंय."

सगळ्या आपापल्या डब्यांकडे वळल्या.

"नाव नको बाई," मंदाकाकू म्हणाली. "सासूला सांगून आल्ते बँकेत चालले म्हून."

"मी दवाखान्यात गेल्ते," दुसरी म्हणाली.

"काकू, अहो भीती कशाची? तुम्ही चोरी केलीत का?" मी म्हणाले. "आपण नाव लपवलं तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? आणि बिननावाच्या मताला किंमत काय?"

मंदाकाकू रागावली नाही. डब्यावरचं पीठ हातानं सारखं करत म्हणाली, "किंमत न्हाई म्हून तर मोकळं बोलून राह्यलो पोरी. किंमत पडली की घरी हिशेब द्यावा लागतो." तेवढ्यात लाइट आली, पट्टा फिरला आणि सगळ्या पुन्हा ओरडून, दुसऱ्याच विषयांवर बोलायला लागल्या.

संध्याकाळी घरात खटका उडाला. अण्णा म्हणाले, नावं नाहीत तर पत्रक नाही. मीही तेच म्हणत होते, त्यांच्यापेक्षा चढ्या आवाजात. अण्णांनी तोडगा काढला की मतं गाळून हक्कांबद्दल लिहू आणि खाली नेहमीच्या लोकांच्या सह्या घेऊ. मला ते पटेना, पण दुसरा मार्गही सुचेना. तत्त्व सोडलं तर पत्रक निनावी, तत्त्व धरलं तर बायका गायब. मंगळवार जवळ येत होता. गल्लीत काही जणींनी आधीच सांगून टाकलं होतं की आपल्याला काही सिनेमाचं वेड नाही. आई चुलीपाशी येसराची आमटी ढवळत होती. आमच्या भांडणात ती कधी पडायची नाही. आमटी वाढायला आली की भांडण आपोआप थांबायचं. त्या दिवशी तिनं पळी पातेल्यातच ठेवली.

"माझं नाव घाला," ती म्हणाली.

"तुझ्या मताखाली घालूच की," अण्णा म्हणाले. "पण बाकीच्यांचं काय?"

"समद्यांच्या खाली. एकच. कौसल्या, गिरणीवाली, मोंढ्यामागची गल्ली."

अण्णा हसले. "अगं, एक म्हणती झोप लागली, एक म्हणती रडू आलं. एकीला नाच आवडला, एकीला घाण वाटला. एका माणसाची इतकी मतं असतेत का? लोक हसतील."

आईनं पळी उचलली, त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "तुमच्या एका मताखाली गावातले सत्तर लोक सह्या करतेत. तवा कोणी हसत न्हाई. माझ्या एकटीची धा-वीस मतं असली तर काय बिघडलं?"

मी लिहिण्यावर जगते, आणि पक्षाच्या, संघटनेच्या कितीतरी बैठकांना बसले आहे. त्या प्रत्येक बैठकीत मला ते वाक्य आठवतं. अण्णांनी भाकरी आमटीत कुस्करली. शेवटी म्हणाले, "नियमात बसतंय. नाव हाय, काम हाय, गल्ली हाय."

पत्रक पिवळ्या कागदावर छापलं. वरती मथळा, 'मला हा सिनेमा कसा वाटला'. खाली एकामागून एक मतं, कुठेही स्पष्टीकरण नाही. सिनेमा लई चांगला होता कारण मला झोप लागली. गाण्यांनी डोकं उठलं. तोच नाच मी घरी दार लावून करून पाहिला. नाच घाणेरडा होता. हिरो काडीसारखा आहे. हिरोनं हिरोईनच्या मायचं लुगडं वाळू घातलेलं पाहून मला रडू आलं. आणि सर्वांत खाली एकच नाव. घड्या आईनंच घातल्या, आणि त्या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं की पिठाचा अंगठा आणि सही एकाच माणसाची असलेलं आमच्या घरातलं हे पहिलं पत्रक.

गाव हसलं, अण्णा म्हणाले होते तसंच. मोंढ्यात आडतीवर लोक मोठ्यानं वाचून दाखवत होते. "मास्तरच्या बायकोला झालंय काय? झोपली म्हणती अन् रडली बी म्हणती!" पण हसता हसता घरोघर दुसरंच सुरू झालं. बायकोला, आईला, सुनेला पत्रक वाचून दाखवताना कुणीतरी विचारून गेलं, "खरंच हिरो एवढा काडी हाय का गं?" आणि घरातली बाई, जी म्हणे बँकेत गेली होती, ती बोलायची, "एवढा बी न्हाई." मंदाकाकूनं मला हे सांगितलं तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसत होती. तिच्या सासूनं वर पाहिलं, आणि म्हणे एवढंच बोलली, "पुढल्या येळी मला बी बँकेत ने."

मंगळवारी आईनं गिरणी बंद ठेवली. टॉकीजच्या पायरीवर उरलेली पत्रकं मांडीवर घेऊन बसली, मी शेजारी. समोर पानटपरीजवळ चार-पाच पोरं उभी होती, हातात फोन धरून. बायका यायला लागल्या. आईपाशी थांबायच्या, एक पत्रक घ्यायच्या, आत जायच्या. पोरांतल्या धीट एकानं रस्ता ओलांडला. त्याच्या घरचं दळण आमच्याकडेच यायचं.

"मावशी," तो म्हणाला, "गंमत पुरे. तुम्हाला पिक्चर आवडला का न्हाई, ते एकदा खरं सांगा."

"वाच की," आई म्हणाली. "समदं लिहिलंय."

"त्यात तर उलटसुलट हाय!"

"मंग? तुह्या मायला शिरा आवडतो अन् ती शिरा खात बी न्हाई, साखर हाय म्हून. तिला इचार कोन्तं खरं." तिनं एक पत्रक त्याच्यासमोर धरलं. "घे. अन् खाली नाव बघ. तुमच्या कागदावर तेवढंच राहून गेलं व्हतं."

त्यानं कागद घेतला. टपरीवरच्या पोरांपैकी एक जण हसला, तो हसला म्हणून दुसरा हसला, आणि त्यानंतर त्यांना तिथे गंभीर चेहऱ्यानं उभं राहणं जमेना. आतून पहिल्या गाण्याचा आवाज आला तोवर दोघेच उरले होते, आणि तेही पान खात होते. हा काही मोठा विजय नव्हता, हे मला आज कळतं. दोन घरांत भांडणं झाली, एका मुलीचं कॉलेज आठवडाभर बंद ठेवलं होतं. सिनेमा उतरला, आणखी काही महिने मंगळवारचा खेळ चालला, आणि मग सुगनशेठनी टॉकीजचं मंगल कार्यालय केलं. पण बंद झाला तो धंदा नाही म्हणून. त्या निनावी कागदाच्या भीतीनं नाही.

सिनेमा उतरायच्या आधी अण्णांनी एका संध्याकाळी, नेहमीच्या खेळाला, एकट्यानं जाऊन तो पाहिला. परत येऊन हातपाय धुतले, जेवायला बसले. ताटाकडे पाहत हळू म्हणाले, "दुसरं गाणं बरं व्हतं." आई म्हणाली, "नाव टाकायचं का खाली?"

नावाचा नियम मी अजूनही पाळते. फक्त आता सही मागण्याआधी मनात एक प्रश्न येतो, की या माणसाला हे नाव घरी किती महाग पडेल? ज्याला स्वस्त पडतं त्यानं जास्तीची मतं आपल्या नावावर घ्यावीत, एवढं मी त्या स्वयंपाकघरात शिकले.

त्या मंगळवारी पायरीवर पोरं पांगल्यावर मी आईला विचारलं होतं. सगळ्यांची मतं माझ्या वहीत होती, तिचं नव्हतं. "आई, आणि तुला? तुला कसा वाटला?"

ती पत्रकांची थप्पी सारखी करत होती. "दोन गाण्यांत त्यानं पीठ मळलं," ती म्हणाली, "अन् हाताला कणभर पीठ न्हाई. खोटं हाय समदं." मी वही उघडली. तिनं ती मिटवली. "पन आजवर मी कोन्या पिक्चरात हिरोला पीठ मळताना बघितलं नव्हतं." मग उठली, लुगडं झटकलं. "चल जल्दी. ते गाणं निघून जाईल." आणि ती आत गेली.

तर आता हे प्रकरण बाजूला ठेवा आणि एक काम करा. आज घरी तुमच्या आईला, किंवा घरातल्या ज्या बाईचं मत शेवटी विचारलं जातं तिला, तिनं पाहिलेला एखादा सिनेमा कसा वाटला ते विचारा. ती बोलत असताना मध्ये आपलं मत घालू नका. तिनं दोन उलटी मतं सांगितली तर त्यातलं खरं कोणतं असं विचारू नका. दोन्ही ऐका, आणि कुणी हसलं तर सांगा, "ही दोन्ही मतं माझी आहेत."